पाट्यांच्या जीपचे मागचे शॉकअप: दोन वर्षांत दोन जोड गेले, आता काय बघून घ्यावेत?

कुळागरकर
१४ जुलै, रात्री ९:१२

नमस्कार मंडळी,

केरी-सत्तरीत आमचं कुळागर आहे. डांबरी रस्त्यापासून घर आणि घरापासून वरच्या पोफळी, अशी सगळी मिळून अडीच किलोमीटरची वाट. निम्मी जांभ्याची, निम्मी तांबड्या मातीची, मध्ये एक व्हाळ. ह्या वाटेवर वडिलांनी घेतलेली १९९४ ची एमएम ५४० चालते. चारी कोपऱ्यांना पाटे (पोलादी पानांच्या स्प्रिंगा), पुढेमागे सरळ ॲक्सल. हौसेची नव्हे, रोजच्या कामाची गाडी. आता पावसात कोळेरोगाला बोर्डो मारायचा म्हणजे मागे दोनशे लिटरचा ड्रम, पंप, पाइपाचं वेटोळं आणि दोन माणसं.

दोन वर्षांपूर्वी मागचे शॉकअप बदलले. गॅरेजवाल्याने सांगितलं की ऑफरोडला लांब शॉकअप लागतात, म्हणून मूळच्यापेक्षा लांब घातले. उजवीकडचा बसेना, तेव्हा त्याने वरचा ब्रॅकेट चार बोटं आत घेऊन नव्याने वेल्ड केला. आठ महिन्यांत उजवा गळायला लागला. पुन्हा तेच माप, नवा जोड. गेल्या गुरुवारी अर्धा ड्रम घेऊन वरून येत होतो. व्हाळाच्या अलीकडची शेवटची पायरी उतरलो आणि मागे उजवीकडे असा आवाज झाला की मागच्या माणसाने खाली उडीच मारली. वाकून बघितलं तर पिन, वॉशर, नट सगळं जागच्या जागी घट्ट, पण ज्या ब्रॅकेटवर ती पिन आहे तो ब्रॅकेटच चासीचा पत्रा घेऊन सुटलेला. फाटलेल्या कडेचा वरचा भाग ताजा, चकचकीत. खालची दोन बोटं मात्र गंजून काळी. म्हणजे चीर जुनी होती, मला दिसली नव्हती.

आता सगळेजण वेगवेगळं सांगतात. एकजण म्हणतो गॅसचे घे, दुसरा म्हणतो बाहेर वेगळी टाकी असलेले घे, तिसरा म्हणतो जुने ऑइलचेच बरे. कोणत्या कंपनीचे घ्यावेत? ब्रॅकेट कुठे लावावा? चवथीआधी गाडी उभी व्हायला हवी. शिवाय बोर्डोचा दुसरा हात तोंडावर आला आहे आणि ड्रम डोक्यावरून नेता येत नाही.


चिखलवाट
१४ जुलै, रात्री १०:३५

कुळागरकर, कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी. आधी टेप घेऊन गाडीखाली जा.

शॉकअपबद्दल एक गोष्ट पक्की करून घेऊ, कारण निम्म्या चुका तिथूनच सुरू होतात. गाडीचं वजन शॉकअप उचलत नाही, पाटे उचलतात. पाटा दबला की परत उसळतो, आणि त्याला तसंच सोडलं तर तो डोलतच राहील. ती उसळी मारायचं काम शॉकअपचं. आत दांडीच्या टोकाला पिस्टन, पिस्टनला बारीक भोकं आणि पातळ चकत्यांच्या झडपा. तेल त्यातून जबरदस्तीने इकडून तिकडे जातं, तापतं, आणि उसळीची ताकद उष्णतेत जाते. दबताना कमी आणि उसळताना जास्त अडवायचं, अशी बहुतेक शॉकअपची रचना असते.

त्यामुळे लांबी हा ताकदीचा भाग नाही. लांबी चाकाच्या हालचालीला जुळायला हवी. तुम्हाला तीन मापं लागतील, तिन्ही वरच्या पिनेच्या मध्यापासून खालच्या पिनेच्या मध्यापर्यंत. पहिलं, गाडी सपाट जागी चार चाकांवर उभी असताना. दुसरं, पाटा पूर्ण दबून ॲक्सल बंप स्टॉपरच्या (ॲक्सल चासीवर आदळू नये म्हणून लावलेल्या) रबराला टेकलेला असताना. तिसरं, चाक पूर्ण लोंबकळताना. दुसऱ्या आणि तिसऱ्या मापाआधी शॉकअप काढून ठेवा, नाहीतर तुम्ही शॉकअपचीच लांबी मोजाल. पिनेपासून पिनेपर्यंत तिरकं मोजलं की कल आपोआप त्यात येतो, वेगळा हिशोब लागत नाही. लोंबकळताना ब्रेकच्या रबरी पाइपाकडेही नजर असू द्या. लांब शॉकअप घातला की ॲक्सल आणखी खाली जातो आणि पुष्कळदा आधी ताणला जातो तो हाच पाइप.

आणि बंप स्टॉपरची रबरं आहेत का ते बघा. खरंच बघा. जुन्या जीपांत ती कधी पडतात ते कुणाला कळत नाही.


कुळे_सीझन
१५ जुलै, सकाळी ७:०५

रबर बघा. आमच्याकडे कुळ्याहून दूधसागरला ऑक्टोबरपासून जीपा लागतात, मागे माणसं भरलेली, नदीतून ये-जा. ज्याचं स्टॉपरचं रबर गेलं त्याचा शॉकअप त्या सीझनला टिकत नाही. मी चाक काढलं की पहिला हात तिथे घालतो.


जुना_मेस्त्री
१५ जुलै, दुपारी १:४८

कुळागरकर बाब, माप घेताना एक सांभाळ. गाडी नुसत्या चिऱ्यांच्या थरावर उचलून खाली शिरू नकोस. ओला चिरा वरून धड दिसतो आणि आतून फुटतो. चाक चढवायला चिरे वापर, हरकत नाही. पण खाली जायचं तर लोखंडी घोडे लाव, चासीच्या दोन्ही अंगांना, आणि पुढच्या चाकांना अडण लाव. मी एकोणीस वर्षं खाणीच्या वर्कशॉपमध्ये काढली, २०१२ ला खाणी थांबल्या तोपर्यंत. त्या काळात जॅकवरून घसरलेल्या गाड्या पाहिल्या आहेत.

माप मिळालं की लिही. आणि दोन्ही बाजूंची रबरं कशी दिसतात तेही लिही, नुसतं आहेत की नाहीत एवढंच नको.


कुळागरकर
१६ जुलै, रात्री ८:२०

आज पाऊस जरा उघडला, माप घेतलं. उजवीकडचा ब्रॅकेट तुटलेला म्हणून डावीकडचं घेतलं, तिथला ब्रॅकेट कंपनीचाच आहे.

गाडी रिकामी, सपाट जागी: ४४५ मिमी. भरलेला ड्रम आणि दोन माणसं मागे: ४१०. ॲक्सल रबराला नुकता टेकला तेव्हा ३६०. चाक पूर्ण लोंबकळताना ५२५. काढलेला शॉकअप हाताने पूर्ण दाबला तर ३७५ आणि पूर्ण ओढला तर ६०० भरतो.

रबरांचं असं. उजवीकडे रबर नाहीच, फक्त गंजलेली प्लेट आणि बोल्टाचं भोक. डावीकडे आहे, आणि मेस्त्रीकाका, तुम्ही विचारलंत म्हणून टॉर्च मारून बघितलं: अगदी नव्यासारखं आहे. वरचा चिखल पुसला तर खाली साच्याची रेघसुद्धा शाबूत आहे.


जुना_मेस्त्री
१६ जुलै, रात्री ९:५५

बाब, तुझं उत्तर त्या साच्याच्या रेघेत आहे.

दोन वर्षं ही गाडी दोनशे लिटरचा ड्रम घेऊन पायऱ्या उतरते आणि डावं रबर एकदाही घासलेलं नाही. का? ॲक्सल ३६० वर रबराला टेकणार, पण शॉकअप ३७५ वरच आत बसून संपतो. रबराला टेकायच्या पंधरा मिमी आधीच सगळा दणका शॉकअपने घेतला. पिस्टन तळाच्या झडपेवर आदळला. डावा ब्रॅकेट कंपनीच्या रिव्हेटांचा म्हणून तो टिकला, पण तो शॉकअप आतून मेला असणार. उभा धरून दाब आणि ओढ, मध्ये कुठे तरी हात मोकळा जाईल.

उजवीकडे ब्रॅकेट आत घेतल्यामुळे अंतर वाढलं. रबर असतं तर तिथे कसंबसं निभावलं असतं. पण रबर नाही, मग ॲक्सल आणखी वर आला आणि शेवटी शॉकअपच स्टॉपर झाला. ड्रम, माणसं, जीपचं मागचं अंग, सगळं त्या एका पिनेवर. पिनही एकाच बाजूने धरलेली, म्हणजे ती तरफेसारखी पत्रा उचकटते. दर दणक्याला थोडी थोडी. म्हणून खालची कड काळी आणि वरची चकचकीत.

गॅरेजवाल्याने लांब घातला तेव्हा उघडल्यावर किती लांब होतो एवढंच बघितलं. मिटल्यावर किती उरतो ते बघितलं नाही. शॉकअप ओढून तुटण्यापेक्षा दाबून जास्त तुटतात.


चिखलवाट
१६ जुलै, रात्री ११:१०

मेस्त्रीकाकांनी अचूक सांगितलं. आता ह्या आकड्यांवरून निवड कशी करायची ते लिहितो, म्हणजे पुढे कुणी हा धागा वाचला तर त्यालाही स्वतःच्या गाडीचं करता येईल.

रबर ३६० वर टेकतं, पण जोरात बसल्यावर ते आणखी वीसेक मिमी चेपतं. म्हणजे सगळ्यात वाईट क्षणी अंतर ३४०. शॉकअप मिटल्यावर त्याहून कमी भरला पाहिजे, निदान दहा मिमी कमी. म्हणजे ३३०. लोंबकळताना ५२५ लागतात, म्हणजे उघडल्यावर त्याहून किंचित जास्त हवा. ३३० ते ५३०, म्हणजे दांडीची एकूण हालचाल २०० मिमी.

इथे एक अडचण येते. शॉकअपच्या दांडीएवढीच त्याची मिटलेली लांबी असू शकत नाही. दोन्ही टोकांचे डोळे (पिन जाते त्या कड्या), सील, पिस्टन, तळाची झडप ह्यांना जागा लागते. तुमच्या आत्ताच्या शॉकअपमध्ये दांडी ६०० वजा ३७५, म्हणजे २२५; हा मेलेला भाग ३७५ वजा २२५, म्हणजे १५० मिमी आहे. तुम्हाला १३० किंवा त्याहून कमीचा लागेल. ऑइलच्या दोन नळ्यांच्या शॉकअपमध्ये असा मिळतो. एका नळीच्या शॉकअपमध्ये गॅसचा कप्पा त्याच नळीत तेलाच्या पुढे असतो, त्यामुळे तेवढ्याच दांडीला तो बहुधा लांब होतो.

दुकानात गाडीचं नाव सांगून शॉकअप मागू नका. मिटलेली लांबी, उघडलेली लांबी, डोळ्याचा व्यास आणि डोळ्यातल्या रबरी बुशची रुंदी, हे चार आकडे कागदावर लिहून न्या.

उभी असताना ४४५, म्हणजे दाबायला ११५ मिमी आणि उघडायला ८५ शिल्लक. ड्रम भरल्यावर दाबायला ८०. कामाच्या गाडीला ही वाटणी चांगली आहे.


जिमनीवाली
१७ जुलै, सकाळी ८:३०

खूप उपयोगी धागा. एक विचारते, एक नळी आणि दोन नळ्या ह्यात नेमकं काय बघायचं? माझी जिमनी आहे, मडगावहून सांगे-नेत्रावळीच्या बाजूला महिन्यातून दोनदा तरी जाणं होतं. सगळे सांगतात एका नळीचे गॅसचेच घे.


चिखलवाट
१७ जुलै, रात्री ८:४०

ताई, दोन नळ्यांच्या शॉकअपमध्ये आतल्या नळीत पिस्टन चालतो आणि बाहेरच्या नळीत जादा तेल असतं, वर थोडी हवा किंवा कमी दाबाचा नायट्रोजन. खडबडीत वाटेवर बराच वेळ जोरात गाडी हाकली की हवा तेलात मिसळून फेस होतो, आणि फेसाला झडपेतून जायला काहीच जोर लागत नाही. गाडी एकदम मऊ पडते. बाहेरच्या नळीमुळे उष्णताही लवकर बाहेर पडत नाही.

एका नळीत तेल आणि नायट्रोजन ह्यांच्यामध्ये एक तरंगता पिस्टन असतो. गॅस जास्त दाबाने भरलेला, त्यामुळे फेस होत नाही. नळी थेट हवेला लागते म्हणून थंडही लवकर होतो. उलटा बसवला तरी चालतो. दोन नळ्यांचा मात्र दांडी वर आणि नळी खाली असाच बसवायचा, नाहीतर तळाची झडप तेलाऐवजी हवा ओढते. बिलस्टीनने १९५७ मध्ये मर्सिडीझला एका नळीचे गॅस शॉकअप दिले, तेव्हापासून हे तंत्र नेहमीच्या गाड्यांत आलं.

मग सगळ्यांनी तेच का घेऊ नये? कारण एका नळीत पिस्टन बाहेरच्याच नळीला घासून चालतो. तिला बाहेरून दगड लागून पोचा पडला की पिस्टन तिथे अडकतो आणि शॉकअप संपला. दोन नळ्यांमध्ये बाहेरच्या नळीला लहान पोचा पडला तरी आतलं काम चालू राहतं. आपल्याकडे जांभ्याचे सुटे गोटे चाकाखालून उडतात, आणि नदीतल्या वाटेवर तर खालचा दगड दिसतच नाही. नेत्रावळीच्या वाटेवर तुमचा वेग काय असणार? दहा-पंधरा. त्या वेगाला तेल तापायला वेळ लागतो. मी तुमच्या जागी असतो तर दोन नळ्यांचा, कमी दाबाच्या गॅसचा, जाड नळीचा घेतला असता. ओल्ड मॅन एमूचा नायट्रोचार्जर त्याच जातीचा आहे. एका नळीचा घ्यायचाच असेल तर दगड लागतील त्या अंगाला पत्र्याचा आडोसा करून घ्या.

बाहेर वेगळी टाकी असलेले शॉकअप वाळवंटात किंवा रॅलीत तासन्‌तास धावणाऱ्या गाड्यांसाठी. जादा तेल, जादा थंडावा. गोव्यात २०१४ पासून भर पावसात रेनफॉरेस्ट चॅलेंज ही ऑफरोड स्पर्धा झाली. मी तिथे एका गाडीबरोबर मदतीला होतो. चिखलात गाडी विंचवर इंचाइंचाने चढते. तिथे चाक किती खाली लोंबकळून जमीन शोधतं ते महत्त्वाचं, तेल थंड ठेवणं नाही. कुळागरकरांच्या अडीच किलोमीटरला त्या टाकीचे पैसे घालू नयेत.


थार_म्हापसा
१७ जुलै, रात्री १०:०२

माझी २०२१ ची थार आहे. नुसते शॉकअप लांब घालून दोन इंच उंच होईल का? स्प्रिंगा बदलायच्या नाहीत.


चिखलवाट
१७ जुलै, रात्री १०:५०

नाही होणार. उंची स्प्रिंग ठरवते. गॅसच्या दाबाने झाली तर काही मिमी वाढेल. आणि नव्या थारला पुढे शॉकअपवरच स्प्रिंग चढवलेली आहे, दोन्ही मिळून एक नग. तो घरी खोलू नका. दाबलेली स्प्रिंग सुटली तर माणूस जातो, ती योग्य साधनावरच उघडायची. पुढची चाकं स्वतंत्र असल्यामुळे उंची वाढली की ड्राइव्ह शाफ्टचे कोन वाढतात, त्यांचे रबरी बूट फाटतात. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, कंपनीच्या मूळ मापात असा फेरफार करता येत नाही. मूळ उंचीला बसणारे चांगले शॉकअप घ्या. २२६ मिमीचा ग्राउंड क्लिअरन्स आधीच आहे, तो पुरतो.


जुना_मेस्त्री
१८ जुलै, दुपारी २:१५

आता ब्रॅकेटचं. कुळागरकर बाब, उजवा ब्रॅकेट किती कलला होता तो बघ. जुन्या वेल्डिंगच्या खुणेपासून खालच्या पिनेपर्यंत दोरी बांध आणि तिला मोबाइल लावून अंश वाच. डावीकडेही वाच.

शॉकअप उभा असला की चाक हलतं तेवढाच तो हलतो. कलला की हलणंही कमी होतं आणि त्याचा जोरही तिरका लागतो. नुकसान दोनदा होतं. २० अंशांवर साधारण ८८ टक्के काम होतं, ३० वर ७५, ४५ वर निम्मं. दोन्ही बाजूंना सारखा कल असेल तर निदान गाडी सरळ तरी वागते.


कुळागरकर
१८ जुलै, रात्री ९:३०

डावीकडे १८ अंश, उजवीकडे २७. मोबाइलवर हिशोब केला तर डावीकडे ९० टक्के आणि उजवीकडे ७९. रिकाम्या गाडीत मागचं उजवं अंग जास्त डोलतं असं मला दोन वर्षं वाटत होतं. वडील म्हणायचे, पाटा मऊ झाला असेल.


जुना_मेस्त्री
१९ जुलै, सकाळी ११:२०

वडिलांचंही खरं असेल, पाटे बघितल्याशिवाय शॉकअप चढवू नकोस. आपल्या पावसात पाट्यांच्या मध्ये गंज धरतो, पानं एकमेकांवर सरकत नाहीत. शॅकलचं (पाट्याचं एक टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या कडीचं) बुश धरलं असेल तर पाटा लांब व्हायला जागाच मिळत नाही. अशा गाडीला जगातला कुठलाही शॉकअप घातला तरी ती ठणठणच वाजणार, आणि दोष शॉकअपवर येणार. पाटे खोल, तारेच्या ब्रशने घास, ग्राफाइटचं ग्रीस लाव, शॅकल हाताने हलते का बघ. पाट्यांच्या घर्षणानेही थोडी उसळी मरते, म्हणून पाट्यांच्या हलक्या जीपला फार कडक शॉकअप घ्यायचा नसतो. कडक घातला तर रिकामी गाडी दगडावरून दगडावर उडते, चाक जमिनीवर राहत नाही.

वेल्डिंग. आधी चिरेचं टोक शोध. रंग खरवड, रॉकेलचं फडकं फिरव, वरून खडूची पूड लाव. चिरेत गेलेलं रॉकेल खडूवर ओली रेघ काढेल. जिथे रेघ संपते तिथे पाच-सहा मिमीचं भोक पाड, म्हणजे चीर पुढे धावणार नाही. मग चीर भरून घे. ब्रॅकेट उघड्या पत्र्यावर नको, खाली चासीवर मोठी प्लेट, कोपरे गोल केलेली, चासीच्या वरच्या-खालच्या कडांना वेल्डिंग न करता. जोर एका रेघेवर न येता पसरला पाहिजे. आणि पिन दोन्ही बाजूंनी धरणारा ब्रॅकेट करून घे, मध्ये डोळा, दोन्ही अंगांना पत्रा, आरपार बोल्ट. जागा डावीकडची मोजून तीच. बॅटरीची वायर काढून ठेव, डिझेलचा आणि ब्रेकचा पाइप बाजूला बांध, आणि नवा शॉकअप तिथे लटकत असताना वेल्डिंग करू नकोस. ठिणगी दांडीवर बसली की तिथे खड्डा पडतो आणि तो खड्डा दर फेरीला सील कापतो.

चढवताना. दोन नळ्यांचा शॉकअप दुकानात आडवा पडलेला असतो, आत हवा आतल्या नळीत शिरलेली असते. चढवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाब आणि पूर्ण ओढ. आधी मध्ये हात मोकळा जाईल, मग सगळीकडे सारखा जड लागेल. तेव्हाच चढव.

आणि हे विसरू नकोस: बोल्ट हाताने लाव, गाडी चाकांवर खाली आण, मागे चढून दोनदा हलव, आणि मग शेवटचा पाना मार. बुशचं रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या डोळ्याला चिकटलेलं असतं. चाक लोंबकळत असताना आवळलंस तर गाडी खाली येताच रबराला पीळ बसतो आणि तो कायम राहतो. दोन महिन्यांत रबर फाटून बाहेर येतं आणि लोक म्हणतात माल खराब निघाला.


कुळे_सीझन
१९ जुलै, संध्याकाळी ६:४०

शेवटचं मेस्त्रीकाकांचं वाक्य आमच्या स्टँडवर लिहून लावायला हवं. मी एवढी वर्षं चाक वर असतानाच आवळत आलो. बुश दर सीझनला दोनदा बदलतो.


कुळागरकर
९ ऑगस्ट, रात्री ९:४५

मंडळी, उशीर झाला, पण काम पूर्ण करून लिहितो आहे.

चीर खडूने शोधली. डोळ्याला दिसत होती त्यापेक्षा तीन बोटं पुढे गेलेली निघाली. साडेपाच मिमीचं भोक, मग भरणी, मग आठ इंची प्लेट. ब्रॅकेट दोन पत्र्यांचा केला. वेल्डिंग वाळपईच्या एका कारागिराने घरी येऊन केलं. त्याला धागा वाचून दाखवला, त्याने प्लेटचे कोपरे स्वतःहून आणखी गोल केले. उजवीकडे आता १८ अंश आहेत. पाटे खोलले तर दुसऱ्या आणि तिसऱ्या पानाच्या मध्ये गंजाची पूड वाटीभर निघाली, आणि डावी शॅकल खरंच धरलेली होती. डावा जुना शॉकअप उभा धरून दाबला, मध्ये दोन इंच हात अक्षरशः रिकामा गेला.

शॉकअप दोन नळ्यांचे, ३३० मिटून आणि ५३२ उघडून, फोंड्यात मिळाले. दुकानदाराने गाडीचं नाव विचारलं, मी कागद पुढे केला. त्याने तीन डबे उघडून टेप लावली. पहिल्या डब्यावरचा आकडा आणि आतल्या नगाचं माप जुळेना, तो परत ठेवला. स्टॉपरची दोन्ही रबरं नवी. बोल्ट गाडी चाकांवर आल्यावर आवळले. आवळण्याआधी डोळ्यावर आणि बुशच्या नळीवर एकाच रेषेत खडूची खूण केली होती, आवळल्यावरही ती एका रेषेत आहे.

उजव्या दांडीवर प्लास्टिकची बारीक पट्टी घट्ट बांधली. ही युक्ती चिखलवाट ह्यांनी मला निरोपात सांगितली. शॉकअप दबला की सीलचं तोंड पट्टीला वर ढकलतं आणि पट्टी तिथेच राहते, म्हणजे दांडी किती आत गेली ते कळतं. काल भरलेला ड्रम घेऊन वरून खाली आलो, व्हाळाची ती पायरीही मुद्दाम त्याच वेगाने उतरलो. पाऊस होता. धप्प असा जाड, मऊ आवाज आला, रबराचा. घरी येऊन बघितलं तर पट्टीच्या वर अजून १८ मिमी दांडी शिल्लक होती. म्हणजे सर्वात खाली ३४८ वर गेला, रबर बारा मिमी चेपलं आणि तिथे थांबलं. टॉर्च मारून रबरही बघितलं, दोन्हीकडे टेकल्याची खूण आली आहे.

वडील काल पहिल्यांदा मागे ड्रमपाशी बसून आले. वर जाताना पुढे बसले होते, उतरताना स्वतःहून मागे गेले.

एकच विचारायचं राहिलं. दांडीवर रबरी नळकांडं येतं, ते लावू का? तांबडा चिखल दांडीवर सुकून पापुद्रा होतो आहे.


जुना_मेस्त्री
१० ऑगस्ट, सकाळी ६:५०

बरें केलंस बाब. नळकांडं पावसात नको. आत चिखल-पाणी साठतं आणि वाळून कानशीसारखं दांडी घासतं. उघडीच ठेव, पण पापुद्रा सुकू देऊ नकोस. रोज काम संपलं की बादलीभर साधं पाणी ओत आणि फडक्याने पूस. प्रेशरचा पाइप थेट सीलवर मारायचा नाही. दांडीवर तेलाचा पातळ ओलावा दिसला तर घाबरू नकोस, थेंब नळीवरून खाली ओघळला तर मला लिही.

पंधरा दिवसांनी ब्रॅकेटचे आणि पाटे ॲक्सलला बांधणाऱ्या यू-बोल्टांचे नट पुन्हा आवळ. पाटे घासून बसवलेत, ते आता जागा घेतील आणि यू-बोल्ट सैल पडतील. आवळताना गाडी चाकांवरच ठेव.